बुरशीचा मका आणि गुरांची कावीळ : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी ग्रामीण भागात काम करणारा पशुवैद्यक आहे. शवविच्छेदनात एखाद्या वासराचे किंवा कोंबडीचे यकृत पिवळट, ठिसूळ आणि रक्तस्रावाच्या ठिपक्यांनी भरलेले आढळले, की मी पहिल्यांदा खाद्याची चौकशी करतो. "माणसांना खायला चालत नव्हता, म्हणून जनावरांना घातला," हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. ते देणाऱ्याला मी दोष देत नाही. काढणीच्या वेळी परतीच्या पावसाने कणसे भिजली, तर वाळवायला अंगण किंवा डांबरी रस्ता एवढीच जागा असते आणि हाती आलेले पीक उकिरड्यावर टाकणे परवडत नाही.

अशा ओल्या धान्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. यकृत हे विष निकामी करायला जाते आणि त्याच प्रक्रियेत त्याहून घातक रसायन निर्माण होऊन यकृताच्याच पेशी मरू लागतात. मात्रा मोठी असेल तर कावीळ होते, पोटात पाणी साठते, रक्त गोठेनासे होते आणि काही दिवसांत मृत्यू ओढवतो. मात्रा थोडी पण रोजची असेल तर वासराची वाढ खुंटते, गाय दुधाला कमी येते आणि माणसात पुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, विशेषतः ज्याला हिपॅटायटिस बी झालेला आहे त्याला. या विषावर उतारा नाही, आणि भाकरी भाजल्याने किंवा खाद्य शिजवल्यानेही ते पुरते नष्ट होत नाही.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले व १०६ जण दगावले. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष आढळले होते. आज आपल्या देशात तृणधान्यासाठी मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे ते प्रमाण तिच्या किमान चारशेपट होते. त्याच घरांतले उष्टे खाणारे कुत्रेही कावीळ होऊन, पोटे फुगून मेले. पुढे १९८१ साली केनियातील मचाकोस जिल्ह्यात माणसांच्या आधी पारवे आणि कुत्रे मेले. त्यानंतर रुग्णालयात आलेल्या २० जणांपैकी १२ जणांना वाचवता आले नाही. पंचमहाल आपल्या खानदेशापासून फार दूर नाही, आणि सातपुड्यातील अनेक घरांत मक्याची भाकरी आजही नित्याची आहे.

मंत्रिमहोदय, जनावरांचे असे मृत्यू माणसांसाठी पूर्वसूचना असतात, आणि ती सूचना पुढे पोहोचवणारी बांधलेली वाट मला माझ्या कामात कधी दिसली नाही. मी शवविच्छेदनाचा अहवाल लिहितो, मालकाला खाद्य बदलायला सांगतो, आणि विषय तिथेच थांबतो. त्याच कणगीतले धान्य घरातली माणसे खात आहेत का, हे तपासण्याची जबाबदारी कोणावरच नसते. माझी मुख्य विनंती एवढीच आहे, की एकाच गावात जनावरे, कोंबड्या किंवा कुत्रे कावीळ होऊन अथवा यकृत खराब होऊन मेल्याचे आढळले, तर पशुवैद्यकाने त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि दोन्ही विभागांनी मिळून घरातल्या धान्याचे नमुने घ्यावेत, असा लेखी आदेश काढावा. त्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अफ्लाटॉक्सिनच्या तपासणी पट्ट्या असणे आवश्यक आहे.

दुधाकडेही लक्ष हवे. दूषित पेंड किंवा भरडा खाल्लेल्या गाईच्या दुधात या विषाचे बदललेले रूप साधारण एका दिवसात उतरते आणि दूध उकळल्याने जात नाही. मात्र खाद्य बदलले तर काही दिवसांत दूध स्वच्छ होते. म्हणून दूध संकलन केंद्रावर दोष सापडल्यास दूध नाकारून न थांबता त्या गोठ्यातले खाद्य तपासायला कोणीतरी गेले पाहिजे.

बाजार समित्यांत मका वाळवण्याची यंत्रे बसवण्याला वेळ लागेल, हे मी जाणतो. वरील आदेशाला मात्र तेवढा वेळ लागू नये. खरिपाचा मका ऑक्टोबरमध्ये घरी येऊ लागतो. त्याआधी हा आदेश निघावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक