शंभर यार्ड कोण मोजणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत येतो. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठीची शपथ अनेक महाविद्यालयांत कार्यालयीन कर्मचारीच घेतात आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला पुढे केव्हातरी निघणारी फेरी आणि भित्तिपत्रक स्पर्धा तेवढी उरते. राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून अशा फेऱ्यांत मीही घोषणा दिल्या आहेत आणि त्या अगदीच व्यर्थ असतात असे मी म्हणणार नाही. परंतु परिसर खरोखर धूरमुक्त करायचा असेल, तर ते मोजमापाचे आणि चिकाटीने पाठपुरावा करण्याचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारा कायदा आमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीपासून अस्तित्वात आहे.

तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या २००३ च्या ‘कोटपा’ कायद्याच्या कलम ६ नुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतराच्या आत अशा पदार्थांची विक्री करता येत नाही. हे अंतर संस्थेच्या कुंपणभिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी मोजायचे असते. प्रत्यक्षात मुख्य फाटकासमोरचा पानठेला हलला की मोहीम फत्ते झाली असे मानले जाते. वसतिगृहामागच्या गल्लीतला किंवा मैदानाच्या भिंतीला टेकलेला ठेला मात्र जागचा हलत नाही. भूगोल किंवा स्थापत्य विभागाचे चार विद्यार्थी मोजपट्टी घेऊन एका दुपारी ही हद्द आखू शकतील आणि तिच्या आतील विक्रीच्या जागा दाखवणारा नकाशा प्राचार्यांमार्फत महापालिका व पोलिसांकडे सहज देऊ शकतील. तोंडी तक्रारीला ‘बघतो’ म्हणून वाटेला लावता येते. नकाशासह दिलेल्या आणि पोच घेतलेल्या अर्जाला तसे करणे जरा अवघड जाते.

आवाराच्या आतली जबाबदारी तर संस्थेचीच आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि आपल्या आवारात तो आकारण्याचा अधिकार प्राचार्यांना आहे. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव ठळकपणे लावणेही बंधनकारक आहे. ‘धूम्रपान निषिद्ध’ असे फलक पुष्कळ दिसतात, पण त्यांवर असे नाव मला क्वचितच आढळले. हा दंड प्राध्यापकांनाही लागू होतो, हे नमूद करावेसे वाटते, कारण वाहनतळाच्या कोपऱ्यातील धूर नेहमी विद्यार्थ्यांचाच असतो असे नाही.

राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर बंदी घातली. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि अख्ख्या पाकिटाचे पैसे ज्याच्या खिशात नसतात त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची सुरुवात याच सुट्या सिगारेटने होते. तरीही ठेल्यांवर सुटी विक्री राजरोस चालू आहे.

विदर्भापुरते पाहिले तर एकट्या धुरावर बोट ठेवून भागणारही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूररहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के. आमच्याकडे तो आकडा म्हणजे मुख्यतः खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण. बंदी असूनही तो पन्नीत घोटून उघड दिला जातो, आणि सिगारेट ओढणाऱ्या मित्राला टोकणारा विद्यार्थी स्वतःच्या गालातल्या खर्‍याबद्दल निश्चिंत असतो. सेवा योजनेच्या दत्तक गावातील सात दिवसांच्या शिबिरातही हेच जाणवते. तिथे घरोघरी बोलायचे झाले तर सिगारेटचा विषय फारसा निघत नाही. खर्रा आणि मिश्री (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) यांविषयी बोलावे लागते, आणि ज्या घरात आजीच मिश्री लावते तिथे तंबाखू सोडण्यास मोफत मार्गदर्शन करणारा १८००-११-२३५६ हा दूरध्वनी क्रमांक लिहून देणे घोषणेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

या सगळ्यात ठेलेवाल्याला शत्रू ठरवण्याचे कारण नाही. तिथे मुले जमतात ती चहा-पोह्यांसाठी आणि गप्पांसाठीसुद्धा. हद्दीच्या आत तंबाखू न विकणाऱ्याला आवारातील उपाहारगृहात किंवा महोत्सवात गाळा देण्याचा विचार महाविद्यालयांनी करावा. उपजीविका हिरावली जाणार नसेल तर त्याचा विरोधही बोथट होईल.

विद्यापीठांना एवढीच विनंती आहे की, येत्या सत्राच्या प्रारंभी प्रत्येक संलग्न महाविद्यालयाकडून शंभर यार्डांचा नकाशा, तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि मागील वर्षी आकारलेल्या दंडाचा तपशील मागवावा व तो संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. मोजणीसाठी स्वयंसेवक आम्ही देऊ.

– राष्ट्रीय सेवा योजनेची एक स्वयंसेविका, नागपूर