मास्तर, आप्पांच्या मॉरिसचे दिवे लागले

आदरणीय मास्तर,

सा. न. वि. वि.

मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. नात वाचून दाखवेल या भरवशावर लिहिते आहे, कारण तुम्ही केलेल्या गाडीच्या वायरिंगबद्दल समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बेन, तो बाराचा पाना दे" म्हणून विषय बदलता. (मराठी माणसाने मराठी बाईला 'बेन' म्हणायचं, हे आपल्या बडोद्यातच.)

ऑगस्ट २०२४ मध्ये मगरींच्या विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या अकोट्यात शिरलं, तेव्हा आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९५४ ची मॉरिस मायनर गाडी दीड दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी होती. बॉनेटखाली मगर निघाली नाही, एवढंच नशीब. पुढे इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. रंगावर मी हात सैल सोडून खर्च केला आणि गाडी आरशासारखी लखलखली. पण दिवे लावले की समोर दोन उदबत्त्या. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उजळायच्या ऐवजी विझायचा. वळताना दिशा दाखवायला दारालगतच्या खांबातून जो 'हात' बाहेर येतो, तो डाव्या बाजूला चौक ओलांडून गेल्यावर यायचा.

त्यात आधीच्या एका इलेक्ट्रिशियनने "बॅटरी उलटी लागलीय" म्हणत तिचे पोल बदलले. दोन दिवसांत कटआउटचे, म्हणजे डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र) आणि बॅटरी यांच्यामधल्या स्विचचे, पॉइंट चिकटले, वायरीतून धूर निघाला, आणि त्याने फर्मान काढलं की सगळं भंगारात द्या. आल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी लावायचं नव्या पद्धतीचं यंत्र), एलईडी, नवा हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) अशी यादी घेऊन मी दांडिया बाजारात तुमच्याकडे आले होते. यादी तुम्ही चहाच्या कपाखाली ठेवलीत आणि एकच विचारलंत, "आधी कुठला पोल बॉडीला होता?" मी म्हटलं, प्लस. "मग बरोबर होतं की." त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत प्लसच बॉडीला असे, साठच्या दशकात हे बदललं, हे मला त्या दिवशी कळलं. "मायनस ठेवायचा तर ठेव, पण डायनॅमोला तसं सांगावं लागतं." आणि तुम्ही सांगितलंत: बॅटरीची जिवंत तार डायनॅमोच्या एफ टर्मिनलला क्षणभर टेकवली, चट्ट करून ठिणगी उडाली, झालं. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केलीत. कटआउटचे चिकटलेले पॉइंट सोडवून घासलेत.

पुढचं मात्र मी विसरणार नाही. हेडलाइट लावून तुम्ही मीटर धरलात. बॅटरीवर १२.३, बल्बवर ९.६. मग एक टोक बल्बच्या अर्थला (वीज बॉडीतून परत जाते ती बाजू), दुसरं बॅटरीच्या मायनसला, तर तिथेच दीड व्होल्ट अडकलेले. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो, असं म्हणत तुम्ही खिशातून पॉलिश पेपर काढलात आणि माझ्या नव्याकोऱ्या रंगावर रुपयाएवढे पाच गोल खरवडलेत. मी अक्षरशः तोंड फिरवलं. जिथे जिथे वायर बॉडीला टेकते, तिथे तिथे त्या महागड्या रंगाचा थर होता! वीज परत जाणार कुठून? उघड्या पत्र्यावर वायरीच्या टोकाचं थिंबल कसलंत, वर व्हॅसलीन फासलंत. त्या संध्याकाळी एकही नवीन वस्तू न लावता उदबत्त्यांच्या समया झाल्या.

आल्टरनेटरचा हट्ट मी तरीही सोडला नाही. तेव्हा तुम्ही खडूने फरशीवरच हिशेब मांडलात. ६० वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे १२० वॉट, त्याला बाराने भागा, दहा अँपिअर. कॉइल, वायपर, मागचे दिवे धरून सतरा-अठरा. डायनॅमो पळत्या गाडीत फार तर एकोणीस देतो, सिग्नलला उभी असताना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पावसाळी रात्री काळ्या घोड्याच्या चौकातल्या गर्दीत बॅटरी बसणारच. "आल्टरनेटर लावू. पण आधी गळती बंद, मग टाकी मोठी."

ती गळती बंद करायला सात रविवार गेले. मूळ वायरींवरचं सुती विणकाम पुराच्या गाळाने असं मातकट झालं होतं की सगळ्या एकाच रंगाच्या दिसत. तुम्ही क्लिपखालचा, ऊन न लागलेला इंचभर भाग उघडून दाखवलात, आणि आतून रंग निघाले. तपकिरी थेट बॅटरीचा, पांढरा चावीनंतरचा, हिरवा फ्यूजनंतरचा, निळा हेडलाइटचा, लाल टेललाइटचा, काळा अर्थ. हे मला आता पाढ्यासारखं पाठ आहे. मूळ गाडीत फ्यूज दोनच, हेडलाइटला तर एकही नाही. तुम्ही डॅशखाली दिसणार नाही असा फ्यूजचा डबा बसवलात. हाय आणि डिपरला एकेक रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), त्यामुळे सत्तर वर्षांच्या त्या स्विचमधून आता फक्त रिलेपुरता करंट जातो. आल्टरनेटर लागल्यावर कटआउटला काम उरलं नाही, तरी त्याचं खोकं आतून रिकामं करून तसंच ठेवलंत, बघणाऱ्याला वाटावं अजून तेच काम करतंय. पुढच्या साइड लॅम्पमध्ये दोन तारांचे बल्ब घालून लुकलुकणारे इंडिकेटर दिलेत, पण आप्पांचे ते 'हात' काढू दिले नाहीत. एलईडी तर नाहीच. "ही गाडी आहे, मंडप नाही."

गाडीचं मूळपण गेलं असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी रात्री पावसात एक फेरी मारून आणते, वायपर आणि हाय बीम दोन्ही चालू ठेवून. पहिल्या रात्री आईला घेऊन सुरसागर तळ्याला चक्कर मारली होती. काठावर थांबलो, इंजिन नुसतं गुरगुरत होतं आणि दिवे जराही मंदावले नाहीत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांना रात्रीची गाडी काढायची भीती वाटायची, आठवतंय?"

मजुरीचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत, त्यावर आपलं भांडण बाकी आहे. आणि हॉर्नचं बटण अजून मधूनच अडकतं. रविवारी सकाळी येते. बाराचा पाना मी आणते.

आपली,
अकोट्याची बेन