रिमाइंडर: खलाशांचं युनिट, रविवारपर्यंत ड्राफ्ट टाका

नमस्कार मंडळी, नववीसाठी दुसऱ्या महायुद्धाचं जे जोड-साहित्य करतोय त्यात कोकणी मुसलमान आणि गोव्याच्या ख्रिश्चन खलाशांचा भाग अजून अर्धाच आलाय, तो प्लीज रविवार रात्रीपर्यंत ड्राइव्हवर टाका. पुस्तकात चर्चिल-हिटलर पुरेसे आहेत हो, पण ब्रिटिश मालवाहू जहाजांवर राबणारे रत्नागिरीकडचे डेकवरचे लोक आणि गोव्याचे कुक-बटलर कुठेच नाहीत. या सगळ्यांना लस्कर म्हणायचे, पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, म्हणून १९३९ ला युद्ध सुरू होताच इंग्लंडच्या बंदरांत त्यांनी संप केला आणि काहींना तुरुंगात पण टाकलं, हे पोरांना नक्की आवडेल.

सिटी ऑफ बनारस जहाजाचं एक पान हवंच. १७ सप्टेंबर १९४० ला टॉर्पेडोने बुडालं, कॅनडाला निघालेल्या इंग्रज मुलांची गोष्ट सगळे सांगतात, त्याच जहाजावरचे शंभराच्या आसपास लस्कर गेले ते कोणी सांगत नाही.

मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांतल्या, समुद्रातच राहिलेल्या खलाशांचं स्मारक आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज (युद्धात गेलेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणारी संस्था) च्या साइटवर नावं शोधता येतात, वर्गात तीच अॅक्टिव्हिटी घ्या. धोबीतलावच्या कुडांवर (गोव्याच्या गावांचे क्लब, खलाशी तिथे उतरायचे) कोण लिहितंय? घरचे जुने फोटो वापरणार असाल तर त्या कुटुंबाला आधी विचारा, आणि वर्कशीट दोन पानांच्या वर नको, झेरॉक्सचा खर्च आपलाच आहे.