केटामाइनची बाटली कुलपात, पेशंट रिक्षात

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: केटामाइन उपचाराआधीची तयारी आणि नंतरची सोबत नियमात आणण्याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,

डिप्रेशनवर केटामाइनची सलाईन देणारे दवाखाने आता पुण्यात आहेत. भुलीसाठी हे औषध कित्येक दशकं वापरात आहे, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये काही रुग्णांना त्याने काही तासांत उतार पडतो. आमची तक्रार औषधाबद्दल नाही. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते आणि साठा कुलपात ठेवावा लागतो. ज्याच्या शिरेत ते गेलं तो माणूस अर्ध्या तासाने लटपटत्या पायांनी रिक्षात बसला, तर त्याची नोंद या कागदांत कुठेच होत नाही.

एलएसडी किंवा सायलोसायबिन (मशरूममधलं द्रव्य) या भास घडवणाऱ्या, म्हणजे सायकेडेलिक, द्रव्यांवरची बंदी उठवा, असं आम्ही मागत नाही. तो 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचा, म्हणजे दिल्लीचा विषय. केटामाइन काटेकोर अर्थाने सायकेडेलिकही नाही. पण शरीर परकं वाटणं, वेळ थांबणं, गेलेलं माणूस समोर बसलेलं दिसणं, ‘मी मेलो’ अशी खात्री पटणं, हे सगळं त्याच घराण्यातलं. असा अनुभव देणाऱ्या औषधाला आधी आणि नंतर माणसाची सोबत लागते, आणि पॅकेजमध्ये पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिलाच लागते.

तयारीची सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. ‘उपाशी या’ एवढंच सांगितलं, तर पुणेकर चहा पिऊन येतो. चहा हा उपाशीपणातच धरला जातो. भूलशास्त्राच्या हिशेबात दूध म्हणजे अन्न, त्याला सहा तास. पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. केटामाइनने काहींना मळमळ होते. आडव्या, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाण्याची भीती. म्हणून सूचना घड्याळाच्या भाषेत हवी: नऊची वेळ असेल तर रात्रीच्या जेवणानंतर काही नाही, सातपर्यंत फक्त पाणी.

प्रश्न विचारण्याचंही तसंच. ‘घरात कोणाला मानसिक आजार?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘कोणी कधी चार-पाच रात्री न झोपता बडबडत, पैसे उधळत फिरलं होतं का? कोणाला कानात आवाज यायचे का? कोणाला बरं होण्यासाठी एखाद्या देवस्थानी नेऊन ठेवलं होतं का?’ असं विचारलं की काकांचं नाव निघतं. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा मॅनियाचा (अतिउत्साहाचा आजार) असा इतिहास निघाला, तर सलाईन लावण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाने पुन्हा विचार करायला हवा. रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण हे प्रश्न ओघाने आलेच. चालू औषधांची यादी तोंडी घेऊ नये, पिशवीच आणायला सांगावी. झोपेच्या गोळ्या आणि वैद्यांचे काढे ‘औषध’ म्हणून कोणी सांगत नाही.

डिप्रेशनसाठीची नेहमीची मात्रा म्हणजे किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, 40 मिनिटांत. 60 किलोच्या माणसाला 30 मिलिग्रॅम. केटामाइन एका मिलीत 10 मिलिग्रॅम आणि 50 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. पहिल्यातून 3 मिली घ्यायचं, दुसऱ्यातून 0.6 मिली. घाईत दुसऱ्या बाटलीतून 3 मिली ओढलं, तर 150 मिलिग्रॅम जातात आणि ती पूर्ण भुलीची मात्रा झाली. त्यामुळे एका दवाखान्यात एकच ताकद ठेवावी, आणि सिरिंज भरल्यावर दोघांनी आकडा मोठ्याने वाचावा. रक्तदाब आधी, मध्ये आणि पूर्ववत होईपर्यंत मोजावा. सलाईन लावण्याआधी लघवीला जाऊन यायला लावावं. नंतर गेलाच तर सोबत माणूस हवा, आणि आतून कडी लावू देऊ नये.

आता खोली. डोळे झाकलेले असले की कान दुप्पट ऐकतात. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो. त्या परिसरात त्या दिवसांत सहाची वेळ देणं म्हणजे रुग्णाला ढोलात बसवणं. संगीत शब्दांविना असावं. ओळखीचा अभंग लागला की माणूस थेट वडिलांच्या तेराव्याला जाऊन पोहोचतो, आणि तिथून त्याला बाहेर कसं आणायचं हे ड्रिपचा वेग बदलणाऱ्याला शिकवलेलं नसतं.

स्पर्शाचं आधीच आणि लेखी ठरावं: हात धरायचा की नाही, खांद्यावर ठेवायचा की नाही. औषध चढल्यावर दिलेला होकार धरायचा नाही. कॅनडातल्या एमडीएमए या नशेच्या द्रव्याच्या उपचार-चाचणीत उपचारकांचं रुग्णाशी झालेलं गैरवर्तन चित्रफितीत सापडलं आहे. खोलीत दोघे असूनही ते घडलं. म्हणून नुसती दोन माणसं पुरत नाहीत, आधी ठरलेला कागद आणि तक्रारीची जागाही लागते.

आणि नंतर? बाळंतपण सुखरूप पार पडलं म्हणून बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी कोणी पाणी भरायला लावत नाही. आपल्याकडे सव्वा महिना सांभाळतात. इथे मात्र सलाईन संपली की पावती हातात. अमेरिकेत 2019 मध्ये एस्केटामाइनचा, म्हणजे केटामाइनच्याच एका रूपाचा, नाकातला फवारा मंजूर झाला, तेव्हा किमान दोन तासांची निगराणी ही परवानगीचीच अट होती, आणि गाडी चालवायची ती रात्रीची झोप झाल्यावरच. आपण निदान तेवढं करू शकतो.

दोन तास झाले शरीराचे. अनुभव मुरायला जास्त वेळ लागतो. आमच्या मते तीन भेटी हव्यात: तीन दिवसांच्या आत, आठवड्याने आणि महिन्याभराने. दुसऱ्या दिवशी एक फोन. पहिल्या भेटीत अर्थ लावायचा नाही, जसं आठवतं तसं मातृभाषेत बोलू द्यायचं, हवं तर त्याच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करून. ‘लहानपणी तुमच्यावर काहीतरी गुदरलं असणार’ असं सुचवणारा समुपदेशक इथे फार नुकसान करतो, कारण या दिवसांत मन ओल्या मातीसारखं असतं. दाबाल तो ठसा उमटतो. राजीनामा, घटस्फोट, फ्लॅट विकणं असले निर्णय महिनाभर पुढे ढकलायचे, हे घरच्यांसमोर ठरवून घ्यावं. घरचे कधी ‘अंगात आलं’ म्हणतील, कधी ‘साक्षात्कार’. त्यांच्या शब्दांशी भांडत बसू नये. झोप किती, जेवण किती, कामावर जातो का, जीव देण्याचं काही बोलतो का, एवढं विचारावं. सलग दोन रात्री झोप नाही आणि तरी उत्साह ओसंडतोय, तर भेटीची तारीख न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे. व्यसनमुक्तीत घरच्यांना सोबत घेणं पुणं 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाहत आलं आहे, तेव्हा ही पद्धत इथे कोणाला नवी नाही.

हे काम कोण करणार? मानसोपचार परिचारिका आणि समाजकार्यकर्ते करू शकतात, शिकवलं तर. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सायलोसायबिनच्या परवानाधारक मार्गदर्शकाला किमान 120 तासांचं शिक्षण आणि वर 40 तासांचा सराव लागतो. आम्ही औषधाचा नाही, त्या तासांचा दाखला देतोय. तास मोजता येतात.

दवाखान्याबाहेरचंही एक. रात्री दोनला कोणी एलएसडीसारखं काही घेतलेल्या मित्राला कॅज्युअल्टीत आणतं आणि पोलिसांच्या धास्तीने काय घेतलं ते न सांगता पळतं. अशा रुग्णाला शक्यतो बांधू नये. मंद उजेड, बोलणारा एकच, ‘हे औषधामुळे आहे, उतरेल’ हे पुन्हा पुन्हा. ताप, नाडी, रक्तदाब, साखर तपासावी. गरज पडली तर आधी लोराझेपाम (शांत करणारं औषध), हॅलोपेरिडॉलची (सायकोसिसवरचं औषध) घाई नको. एनडीपीएसचं कलम 64-ए उपचारासाठी आपणहून येणाऱ्याला खटल्यापासून सूट देतं, पण ती ‘व्यसनी’ माणसाला. आयुष्यात पहिल्यांदाच घेतलेला विद्यार्थी त्या व्याख्येत बसत नाही. कायदा बदलणं आपल्या हातात नाही. मात्र ‘आधी उपचार, आणि काय घेतलं हा प्रश्न उपचारासाठीच’ असं सरकारी रुग्णालयांना कळवणं आपल्या हातात आहे. 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर बसणाऱ्यांनाही हीच माहिती द्यावी.

अडचण आम्हाला दिसते. येरवड्याचं मनोरुग्णालय आपल्याकडे, ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, शेड्यूल एक्सची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे. तिघांना एका टेबलावर बसवायला वेळ लागेल. तोवर आपल्या खात्यापुरतं एका पानाचं परिपत्रक निघावं: तयारीची एक भेट, दोन तासांची निगराणी, घरी नेणाऱ्या माणसाचं नाव आणि सही, नंतरच्या तीन भेटींच्या तारखा. मसुदा मराठीत सोबत जोडला आहे. त्यातला सहीचा रकाना मुद्दाम मोठा ठेवलाय, घाईत तोच कोरा राहतो.

कळावे,

पुण्यातले काही समुपदेशक, मानसोपचार परिचारिका आणि भूलतज्ज्ञ