जुनी ऐरण पारखताना

नागपूर,
२ डिसेंबर

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो मिळाले. लोहाओळीतल्या भंगारवाल्याकडची जी जुनी ऐरण तू घ्यायची म्हणतोस, ती फोटोत तरी चांगली दिसते. कमरेला आणि बुडाला चौकोनी भोकं आहेत, ती घडवताना पहार घालून एवढं धूड फिरवायला ठेवत. म्हणजे ती बहुधा घडीव आहे. तरी फोटोवर विसंबून पैसे काढू नकोस.

बाजूला १-२-१४ असं काही दिसतंय म्हणतोस, ते इंग्लंडचं जुनं वजन. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. ११२, ५६ आणि १४ मिळून १८२ पौंड, म्हणजे साधारण साडेब्याऐंशी किलो. मधला आकडा ३ च्या वर आणि शेवटचा २७ च्या वर जात नाही. तसा वाचलास तर गंजानं फसवलं समज. काट्यावर किलो-दोन किलो कमी भरली तर ती झीज. दहा किलोंचा फरक पडला तर आकडे पुन्हा वाच. त्यासाठी तारेचा ब्रश हलक्या हातानं फिरव, खडू घास आणि टॉर्च आडवी धर. ग्राइंडर अजिबात लावू नकोस. बनवणाऱ्याचं नाव लागलं तर उत्तम. डडलीच्या पीटर राइटच्या ऐरणींवर नावासोबत ‘सॉलिड रॉट’ (सबंध घडीव) असा ठसा असतो.

अशा ऐरणीचं अंग मऊ घडीव लोखंडाचं आणि माथ्यावर पोलादाची पाटी तापवून जोडलेली. सगळी किंमत त्या पाटीची. ती पारखायला २५ मिलिमीटरची बेअरिंगची गोळी ने, कुठल्याही गॅरेजात मिळेल. माथा पुसून मोजपट्टी उभी धर आणि गोळी २५ सेंटिमीटरवरून नुसती सोड. १८-२० सेंटिमीटर उसळली तर झकास, १२-१५ आली तर कामचलाऊ, ५-७ वरच मेली तर सोडून दे. पण एका जागेवरून निकाल देऊ नकोस, दर दोन इंचांवर टाकून बघ. माथ्यावरच्या चौकोनी भोकाजवळ उसळी थोडी कमी येणारच. शिंगाच्या, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाच्या, मुळाशी जी खालची पायरी असते, ती छिन्नीनं तोडायला मुद्दाम मऊ ठेवलेली. तिथली गोळी बघून नाक मुरडू नकोस. माथ्यावर मात्र सगळीकडे उसळी मंद असेल, तर ती ऐरण कधी आगीत सापडून तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असू शकतं. कानस घासून बघ: कडक माथ्यावर ती घसरते, मऊ पडलेल्यावर चावते.

मग आवाज. ऐरण लाकडावर मोकळी ठेव, भंगाराच्या ढिगात रुतलेली ऐरण घुमणार नाही. छोट्या हातोडीनं टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. मध्येच एका जागी आवाज बसका झाला तर तिथे पाटी सुटली असण्याचा दाट संशय घे. खात्री करायला जोडावर रॉकेल लाव, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुस आणि खडूची पूड भुरभुर. भेग असेल तर रॉकेल पाझरून काळसर रेघ उमटते. ही रेघ लांब निघाली तर सौदा मोड, बाप्पा.

सबंध ओतलेली असली तरी लगेच नाकारू नकोस. स्वीडनच्या सोडरफोर्सच्या ऐरणी ओतीव पोलादाच्या, आणि त्या उत्तम. टाकाऊ ती ओतीव बिडाची: मधोमध साच्याची शिवण, बद्द आवाज, मेलेली उसळी.

कडा थोड्या उडालेल्या चालतील. बोटभर लांबीची धड कड कुठेतरी असली की वाकवायचं काम भागतं. माथ्यावर पट्टी आडवी ठेवून दोन-तीन मिलिमीटरचा खोलगटपणा दिसला तर खुशाल घे. वखराची पास सरळ करताना तो उलट उपयोगीच पडतो. तो घालवायला माथा मिलिंग मशीनवर सपाट करून देतो असं कुणी म्हणेल, त्याला नाही म्हण. पाटी मुळात अर्ध्या इंचाच्या आसपास, त्यातली झिजून उरलेली किती हे कुणालाच ठाऊक नसतं. वेल्डिंगनं भरलेल्या कडांपासूनही जपून राहा: तिथे घणाचा घाव बसला की कपचा उडतो. चाचणीला जाताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि कडक माथ्यावर मध्ये तापलेलं लोखंड नसताना घण मारू नकोस.

भाव किलोवर ठरणार असेल तर तो आधी पक्का कर, काट्यावर चढव, आणि मग गोळी काढ. आधी गोळी उसळली तर भंगारवाला तुझा चेहरा वाचेल.

तुझा,
विनायक