रस्तेवाल्या मित्राला, आयर्लंडातल्या दगडांबद्दल

प्रिय सुध्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवरच उत्तर दिलं असतं पण तू मधेमधे बोलतोस, म्हणून लिहितोय, आता निमूट वाच. तू म्हणतोस आयर्लंडला आलो की समुद्र बघू, गावं बघू, पण ते दगडबिगड नकोत. अरे बाबा, तू आख्खी नोकरी रस्ते बांधण्यात घालवलीस आणि इथल्या दगडांची निम्मी भानगड रस्त्यांशीच आहे, तुला नाही दाखवायचं तर कुणाला?

न्यूग्रेंजपासून सुरू करतो. डब्लिनहून गाडीने तासाभराच्या आत, बॉइन नदीच्या वर एक प्रचंड गोल टेकाड, आत अश्मयुगातलं दगडी थडगं, साधारण ८५ मीटर रुंद, इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास बांधलेलं, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. त्याचं तोंड कसं सापडलं माहितीये? १६९९ मध्ये चार्ल्स कॅम्पबेल नावाच्या जमीनमालकाला रस्त्यासाठी दगड हवे होते, त्याने मजूर लावले, ते टेकाडातून दगड उपसायला लागले आणि आत बोगदा निघाला. म्हणजे तुमच्याच लाइनीतला माणूस, खाण समजून थडग्याला हात घातला!

आत १९ मीटर लांब चिंचोळी वाट आहे, माझ्यासारख्या पोटवाल्याला दोन ठिकाणी अंग चोरून जावं लागतं. शेवटी एक खोली, वर दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत मिटवलेलं छत, सहा मीटर उंच, चुना नाही सिमेंट नाही आणि पाच हजार वर्षांत गळलेलं नाही. हे ऐकून तुझे कान टवकारले ना? वाटेवरच्या छताच्या दगडांना वरच्या अंगाने पाणी वाहून जायला पन्हळी कोरल्यात, फटींमध्ये जळकी माती आणि समुद्रावरची वाळू ठासलीये. आपल्याकडे नव्या कोऱ्या फ्लॅटला पहिल्या पावसात ओल येते, जाऊ दे.

आता खरी गंमत. त्या भागातले लोक म्हणायचे की वर्षातून एकदा ऊन आतल्या तिहेरी वेटोळ्याच्या नक्षीपर्यंत जातं. १९६२ पासून तिथे उत्खनन करणारे मायकेल ओ'केली म्हणून प्रोफेसर होते, त्यांना आधी वाटलं की लोक इंग्लंडातल्या स्टोनहेंजच्या दगडी रिंगणाशी गल्लत करतायत. पण दारावर एक खिडकीसारखी फट सापडली, आणि २१ डिसेंबर १९६७ ला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, ते पहाटे आत जाऊन बसले तर ऊन खरंच त्या फटीतून सरपटत आतल्या खोलीपर्यंत आलं. सतराएक मिनिटं, मग पुन्हा काळोख. आता त्या दिवसांत आत जायला लॉटरी असते, हजारो लोक अर्ज करतात, आपला नंबर लागेल असं धरून तिकीट काढू नकोस. एरवी गाइड दिवे बंद करून बल्बने तो प्रकार करून दाखवतात, तेही भारी वाटतं.

लोकांच्या गोष्टीत हे टेकाड म्हणजे देवांचं घर. बॉइन नदी म्हणजे बोआन देवी, तिचं आणि दाग्दा नावाच्या देवाचं जमतं, आणि तिच्या नवऱ्याला कळू नये म्हणून दाग्दा सूर्यच नऊ महिने आकाशात थांबवून ठेवतो, म्हणजे पोर एकाच दिवसात पोटात आणि त्याच दिवसात जन्माला! तो पोरगा अँगस. मोठा झाल्यावर तो हे घर 'एक दिवस आणि रात्र' वापरायला मागून घेतो आणि मग सोडतच नाही, म्हणतो सगळं जगच दिवस आणि रात्रीचं बनलंय, मग माझं झालं की. भाडेकरू असावा तर असा.

शेजारी डाउथचं टेकाड आहे, तिथली गोष्ट काळी आहे. ब्रेसल नावाच्या राजाला आभाळापर्यंत जाणारा मनोरा हवा असतो, त्याची बहीण मंत्राने सूर्य अडवून धरते, काम पुरं होईपर्यंत दिवस मावळणार नाही. आणि हा राजा तिच्यावरच हात टाकतो. मंत्र तुटतो, अंधार पडतो, मजूर काम टाकून घरी जातात. ही गोष्ट मध्ययुगातल्या हस्तलिखितांत आहे. आणि २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजमधल्या एका पुरुषाच्या हाडांचा डीएनए तपासला तर त्याचे आईबाप सख्खे भाऊबहीण किंवा मग बापलेक-मायलेक इतक्या जवळच्या नात्यातले निघाले! पेपरांत एकच बोंब, दंतकथा खरी निघाली म्हणून. मला विचारशील तर मी अर्धाच विश्वास ठेवतो, मध्ये चार हजारांवर वर्षं आहेत, भाषा बदलल्या, माणसं बदलली. पण सूर्य थांबवायची गोष्ट नेमकी या दोन टेकाडांनाच का चिकटली असेल हा किडा काही डोक्यातून जात नाही.

आता तुझ्या खात्यातलं. क्लेअर जिल्ह्यात १९९९ मध्ये नवीन रस्ता जाणार होता आणि मध्ये एक हॉथॉर्नचं झाड, काटेरी, फार मोठंही नाही. एडी लेनिहान नावाचे गोष्टी सांगणारे आणि गोळा करणारे गृहस्थ आहेत, त्यांनी पेपरात लिहिलं की इथे मन्स्टर प्रांताच्या पऱ्या शेजारच्या कॉनॉट प्रांताच्या पऱ्यांशी लढाईला निघताना जमतात, झाड तोडाल तर त्या रस्त्यावर माणसं मरतील. आणि खात्याने आखणी बदलून झाड वाचवलं, सुध्या! २००२ मध्ये कुणीतरी रात्रीतून चेनसॉने फांद्या उडवल्या, तरी ते पुन्हा फुटलं. तुझ्या साहेबांपुढे अशी फाइल नेली असतीस तर काय झालं असतं?

शेतातल्या गोल मातीच्या बांधांचंही तेच. जुन्या काळची शेतकऱ्यांची वाडगी ती, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची, देशभर चाळीसेक हजार शिल्लक आहेत, पण लोक म्हणतात पऱ्यांचे किल्ले. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांची रॉसकॉमनला शेती आहे, तिथे असा एक बांध आहे. म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याजवळ आला की नांगर उचलतो, वळसा घालून पलीकडे पुन्हा टेकवतो. मी विचारलं, तुम्ही हे मानता? तर म्हणाला छे छे, अजिबात नाही, आणि मग दुसऱ्याच गोष्टीवर बोलायला लागला, बैलांचे भाव वगैरे.

पण सगळंच वाचतं असं नाही. तारा म्हणजे इथल्या राजांची टेकडी, तिच्या जवळून एम३ मोटरवे काढला, केवढं आंदोलन झालं. कामात २००७ ला लिस्मलिनला लाकडी खांबांचं एक भलंमोठं रिंगण सापडलं, लोहयुगातलं. राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं, मोजमापं घेतली, उकरून काढलं आणि वरून रस्ता नेला. २०१० ला वाहतूक सुरू. माझं म्हणणं एवढंच की त्या काटेरी झाडाला गोष्ट होती, या रिंगणाला नव्हती, कारण ते जमिनीखाली होतं आणि सगळे विसरले होते. तू म्हणशील न्यूग्रेंजला तर गोष्ट होती, तरी कॅम्पबेलने दगड काढलेच. बरोबर, पण तो बॉइनच्या लढाईनंतर (१६९०, इंग्लंडचा विल्यम राजा जिंकला ती) जमीन मिळालेला बाहेरचा माणूस, त्याला अँगस कोण लागत होता? गोष्ट माहीत असलेल्यांच्या हातात जमीन नव्हती. आपल्या नाशिकला बौद्ध लेण्यांना लोकांनी पांडवांची करून टाकलं, इतिहास चुकला खरा, पण नाव तरी तोंडात राहिलं.

बघ, मे महिन्यात ये. तेव्हा हॉथॉर्न पांढरा फुललेला असतो आणि पाऊस जरा माणसात असतो. न्यूग्रेंजची तिकिटं आधी काढावी लागतात म्हणून तारखा लवकर कळव. अजून एक काम आहे तुझ्याकडे. टेकाडाच्या पुढची पांढऱ्या गारगोट्यांची उभी भिंत ओ'केलींनी सत्तरच्या दशकात उभी केली, आत काँक्रीट घालून, आणि तेव्हापासून भांडण चालू आहे की मुळात ती अशी उभी होतीच का नुसता खाली पसरलेला सडा होता. मला वाटतं इतकी सरळ भिंत तेव्हा राहिली नसती. काँक्रीटवाला तू आहेस, समोर उभं करून विचारणार आहे. वहिनींना सांग चांगले बूट घ्या, गवत कायम ओलं असतं.

तुझा,
मन्या