काजूच्या हंगामाआधी: माकडतापाबद्दल आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काजूचा हंगाम तोंडावर आला आहे आणि माकडतापाचाही. आपल्या दोडामार्ग तालुक्यात हे दोन्ही एकाच वेळी येतात आणि एकाच जागी भेटतात, म्हणून पत्र जरा लांबणार आहे. फोनवर यातलं निम्मं राहून जातं. बाबा, आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि बागेत येणाऱ्या गड्यांच्याही कानावर घाला.

वाडीत सगळ्यांचं लक्ष माकडांवर असतं. पण माणसाला हा ताप देते ती गोचीड, आणि तिचा मुक्काम झाडाखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पानांत. गुरांच्या कानात टपोरी फुगलेली दिसते ती वयात आलेली मादी. ती माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. गुराचं किंवा मोठ्या जनावराचं रक्त पिऊन खाली पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड असं जे मिळेल त्याचं रक्त पितं. त्या प्राण्याच्या अंगात विषाणू असेल तर तो पिल्लात शिरतो. पिल्लू कात टाकून आठ पायांचं होतं, तरी विषाणू आतच राहतो. ही आठ पायांची, खसखशीच्या दाण्याएवढी अवस्था माणसाला सर्वांत जास्त चावते. चावलेलं बहुतेकांना कळतही नाही, कारण दुखत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत तिचे दिवस, आणि जानेवारी ते एप्रिल भर. नेमके त्याच महिन्यांत आपण काजूखाली वाकलेले असतो.

माकडाचं म्हणाल, तर ते आपल्यासारखंच या रोगाचं भक्ष्य. लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं या विषाणूने पटापट मरतात. शरीर थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी खाली उतरतात आणि पुढच्या रक्ताची वाट बघत तिथेच थांबतात. म्हणून मेलेल्या माकडाची जागा बरेच दिवस धोक्याची राहते, माकड तिथून उचललं तरी.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात आधी माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही), तो विषाणू वेगळा काढला. पुढची कित्येक दशकं हा रोग कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांपुरताच आहे असं मानलं जात होतं. मग 2012-13 च्या सुमारास बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडमध्ये तो सापडला, 2015 मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात, आणि 2016 च्या सुरुवातीला आपल्या तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. सह्याद्रीची रांग एकच आहे, गोचिडीला आणि माकडाला राज्याची हद्द अडवत नाही. तेव्हा एखादं वर्ष शांत गेलं म्हणून रोग गेला असं धरू नका.

आता कामाचं.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट घालायची, पँटचं टोक मोज्यात खोचायचं आणि वरून गमबूट. बाबा, लुंगी किंवा हाफ पँट या चार महिन्यांत बागेत नको. आई, तुलाही साडीऐवजी जुनी सलवार आणि वरून बाबांचा शर्ट सोपा पडेल. कपडे फिक्या रंगाचे हवेत, त्यावर हलणारा काळा ठिपका लगेच दिसतो. गोचीड उडत नाही, झाडावरून उडीही मारत नाही. गवताच्या किंवा पानाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते, आपला पाय घासला की चिकटते आणि वर चढत जाते. म्हणून घोट्याशी वाट बंद केली की अर्धं काम झालं.

उघड्या त्वचेवर, म्हणजे हात, मान आणि कानामागे, गोचिडीला लांब ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल लावायचं. हंगामात आरोग्य केंद्रातून आणि आशाताईंकडून ते मिळतं, मागून घ्या. मोज्याच्या वरच्या कडेला आणि बाहीच्या टोकालाही लावा. डोळे, ओठ आणि जखमेपासून लांब ठेवा. घामाने ते उतरतं, त्यामुळे दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. लोक सकाळी एकदा लावतात, दुपारपर्यंत निर्धास्त राहतात, आणि तिथेच फसतात. आणखी एक, डीएमपी प्लास्टिकला खातं. बाबा, तेलाच्या हाताने चष्म्याची दांडी किंवा घड्याळ धरू नका. घरी आल्यावर साबणाने धुऊन टाका.

बाबांच्या गुडघ्यांमुळे ते पातेऱ्यातच बसकण मारून बिया वेचतात, हे मला माहीत आहे. सगळ्यांत मोठा धोका त्यात आहे. बसायला बुटकं स्टूल न्या आणि लांब दांड्याच्या दाताळ्याने बोंडू, म्हणजे बीसकट पडलेली काजूची फळं, आधी पुढे ओढून घ्या, म्हणजे वाकणं आणि बसणं दोन्ही कमी होईल. बी बोंडापासून सोडवायचं काम बागेत करू नका. बोंडू टोपलीतून आणून अंगणात, सारवलेल्या मोकळ्या जागेत सोडवा. न्याहारीलाही झाडाखाली आडवं व्हायचं नाही, कातळावर बसा. सड्याच्या उघड्या कातळावर गोचीड टिकत नाही, तिला सावली आणि ओल लागते.

दुसरी गोष्ट पातेऱ्याची. गोठ्यात गुरांखाली घालायला आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, आपण रानातून पातेरा भारेच्या भारे आणतो. त्या भाऱ्याबरोबर गोचीड डोक्यावरून घरात येते. भारा डोक्यावर असतो, म्हणजे तिची पहिली वाट केसात आणि मानेवर. यंदा रानातला पातेरा गोठ्यात आणू नका, भाताचा पेंढा वापरा. भाजावळीसाठी लागतोच, तर वर सांगितलेले कपडे आणि तेल लावून, गोणत्यात भरून आणा आणि थेट शेतात टाका, पडवीत रचू नका.

गाई-म्हशींना या विषाणूने आजार होत नाही आणि त्यांच्या दुधातून तो आपल्याला येतो असंही नाही. पण मोठ्या गोचिडींचं पोट त्यांच्यावरच भरतं, आणि रानात चरून त्या गोचिडी घरापर्यंत आणतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातून अंगावर लावायचं औषध किंवा इंजेक्शन द्यायला लावा. दुभतं जनावर कुठलं आणि गाभण कुठलं ते डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण काही औषधांनंतर ठरावीक दिवस दूध वापरता येत नाही. दुकानातून बाटली आणून अंदाजाने मारू नका, जनावराला विषबाधा होते. कुत्रा बागेत जात असेल तर तो रात्री ओटीवर नको.

घरी परतल्यावरचं काम सगळ्यांत जास्त टाळलं जातं, कारण तोवर माणूस दमलेला असतो. आंघोळीआधी चहा नको, खुर्चीत टेकणं नको. मागल्या दारी बादलीत कढत पाणी तयार ठेवायचं, अंगावरचे सगळे कपडे थेट त्यात. गार पाण्यात भिजवून गोचीड मरत नाही, पाणी हात घालवणार नाही इतकं गरम हवं. गमबूट बाहेरच उलटे करून झटका. मग गरम पाण्याने साबण लावून, घासून आंघोळ. नंतर एकमेकांचं अंग उजेडात तपासा: कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत, नाडी आवळते त्या कमरेच्या रेषेवर, जांघेत, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्यात. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि या वयात खसखशीएवढं काही दिसणं कठीणच, म्हणून बाबांचं पोथी वाचायचं भिंग वापरा. कालपर्यंत नसलेला आणि आज दिसणारा तीळ हाताला खरखरीत लागला तर ती गोचीड समजा.

चिकटलेली सापडली तर रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, विडीचा चटका यातलं काही नको. त्याने ती सुटायला वेळ लागतो, आणि चिडली की पोटातलं आपल्या अंगात ओकते. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला अगदी त्वचेलगत, तोंडाशी पकडा आणि पिळ न देता सरळ वर, हळू पण सलग ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, त्वचा तो आपोआप बाहेर टाकते. काढलेली गोचीड नखावर चिरडायची नाही, पारदर्शक चिकटपट्टीत दाबून बंद करा. जागा साबणाने धुवा, स्पिरिट लावा, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करा. तारखेचं पुढे काम पडतं.

मेलेलं किंवा झिंगल्यासारखं बसलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही. आपल्याकडे मारुतीचं रूप म्हणून हळदकुंकू वाहून त्याला माती देतात, पोरंसोरंही भोवती जमतात. भावना मी समजते, पण त्या घटकेला गोचिडी अंगावरून उतरत असतात आणि सगळा जमाव त्यांच्या वाटेवर उभा असतो. लांबूनच जागा लक्षात ठेवा आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याच्या 1926 या नंबरावर लगेच कळवा. लगेच अशासाठी की शव ताजं असेल तरच त्यातून तपासणीचा नमुना नीट मिळतो. ते लोक संरक्षक कपडे घालून शव हलवतात आणि भोवती कीटकनाशक भुकटी मारतात. ती बाग आपली असली तरी त्या कोपऱ्यातल्या बियांचा यंदापुरता लोभ सोडा.

आता तापाचं. गोचीड चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप चढतो, कपाळ फुटेल असं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटतात, उलट्या-जुलाब होतात. तीन-चार दिवसांनी हिरड्यातून, नाकातून किंवा शौचातून रक्त जाऊ शकतं. डेंगी, मलेरिया, लेप्टो यांचा ताप पहिल्या दिवशी असाच दिसतो, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट माकडतापासारख्या डेंगीतही उतरतात. म्हणून डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगायला हवं: अमुक तारखेला बागेत होतो, गोचीड चिकटली होती, जवळपास माकड मेलं होतं. चिठ्ठीवर लिहूनच न्या. तापात बोलताना सुटून जातं.

रक्त पहिल्या आठवड्यातच द्या. सुरुवातीला रक्तात विषाणू असतो तोवर पीसीआर तपासणीत सापडतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. ताप येऊन बारा दिवस झाल्यावर नुसतं पीसीआर केलं आणि ते निगेटिव्ह आलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही. नमुना बर्फावर, तिहेरी डब्यात बंद करून जातो. प्रयोगशाळेत हा विषाणू फार कडेकोट बंदोबस्तात हाताळतात, कारण पूर्वी त्यावर काम करणाऱ्यांनाही लागण झालेली आहे. पण त्यावरून घरातल्या रुग्णाला घाबरू नका. खोकल्यातून, ताटातून, स्पर्शातून हा एका माणसाचा दुसऱ्याला होत नाही. आई, बाबांना ताप आला तर तू त्यांच्या उशाशी खुशाल बस.

तापावर फक्त पॅरासिटामॉल, 500 ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास. अंगदुखीची ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कोंबिफ्लाम वगैरे अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढतो. बाबांची हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. या तापात रक्तदाब उतरतो, तेव्हा त्या गोळ्या द्यायच्या की थांबवायच्या ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून घोटघोट देत राहा. रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा ग्लानी आली तर 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. या विषाणूवर नेमकं औषध नाही. शंभरातले तीन ते पाच दगावतात, बाकीचे वेळेवर सलाईन आणि देखभाल मिळाली की उठतात.

उठल्यावरही तीन आठवडे लक्ष हवं. दहा ते वीस टक्के लोकांना तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा ताप येतो, आणि तेव्हा डोकं जड होतं, हात थरथरतात, नजर धूसर होते, बोलण्यात गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वयावर ढकलून घरचे गप्प बसतात, याची मला जास्त काळजी आहे. असं काही दिसलं तर तडक दवाखाना.

लशीचं विचारलं होतंत. जुनी लस पुरेसा बचाव देत नाही असं दिसल्यावर कर्नाटकाने ती थांबवली, आणि ती चालू होती तेव्हाही 65 वर्षांपर्यंतच्याच लोकांना देत. त्यामुळे सध्या तुमचा भरवसा मोजे, तेल आणि संध्याकाळची तपासणी यांवरच. पहिले पाऊस नीट लागले की या बारीक गोचिडी कमी होतात, तोवर एकही दिवस सूट नको.

बारीक टोकाचे दोन चिमटे, सहा जोड लांब पांढरे मोजे आणि चिकटपट्टी रविवारच्या गाडीने पाठवते आहे. दाताळ्याचा दांडा मात्र बाबांच्या उंचीचा तिथेच सुताराकडून करून घ्या. गड्यांसाठी वेगळे मोजे लागतील, त्यांच्या पायाची मापं कळवा.

तुमची,
शुभा